जोखीम यजमानाची, साक्ष पाहुण्याची

सौदी अरेबियाने २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पर्यटन व्हिसा सुरू केला. तेव्हापासून आपल्या तरुण संघांच्या शिबिरांत आणि परदेशातल्या मराठी मंडळींच्या मेळाव्यांत एक हाक अधूनमधून माझ्या कानावर येते: रियाधला चला. आठ-दहा दिवसांची सेवायात्रा. दिवसा शहर पाहायचं, कुठे इंग्रजीचे वर्ग घ्यायचे, कुठे मजुरांच्या कॅम्पात खाऊ वाटायचा आणि संधी मिळेल तिथे साक्ष द्यायची. राहण्याजेवणाची सोय तिथले विश्वासणारे करतील. प्रभूने बंद दार उघडलं आहे, आत पाऊल टाकायचं धाडस तेवढं आपण दाखवायचं, असा या हाकेचा सूर असतो.

माझा या हाकेला विरोध आहे. यात्रा जरा जपून काढा, असं मी सुचवत नाही. ही यात्रा काढूच नये, असं माझं म्हणणं आहे. मी मिरजेच्या मिशन आवारात वाढले, तिथेच नर्सिंग शिकले आणि माझ्या नोकरीचा मोठा काळ रियाधच्या इस्पितळांत गेला. ज्यांच्या घरी ही यात्रा उतरणार आहे त्यांच्या बाजूने मी लिहिते आहे. त्यांना स्वतःच्या नावाने लिहिता येत नाही.

तिथले विश्वासणारे सोय करतील, हे सांगायला सोपं आहे. पण हे विश्वासणारे कोण? सौदीत पंचवीस लाखांच्या आसपास भारतीय राहतात. त्यांतले ख्रिस्ती बरेचसे केरळचे, मग मंगळूर, गोवा, वसईचे, आणि थोडेसे आपण, मिरज-सांगलीचे, नगरचे, सोलापूरचे. कुणी सिस्टर, कुणी लॅबमध्ये, कुणी ड्रायव्हर, कुणी एसी दुरुस्त करणारा. देशात एकही चर्च नाही. बिगरमुस्लिमांच्या सार्वजनिक उपासनेला परवानगी नाही. घराच्या चार भिंतींत शांतपणे प्रार्थना करणाऱ्याला त्रास होणार नाही, असं सरकारने वेळोवेळी म्हटलं आहे, पण ते म्हणणं कायद्याच्या कुठल्या कलमात उतरलेलं नाही. एखाद्या शेजाऱ्याने तक्रार केली, एखाद्या अधिकाऱ्याच्या मनात आलं, की ते आश्वासन संपलं.

उपासना शुक्रवारी होते, कारण सुट्टी शुक्रवारी. येणारा माणूस चपला बाहेर काढत नाही, हातात घेऊन आत येतो, कारण एका फ्लॅटच्या दाराशी वीस जोड चपला दिसल्या की जिन्यातून जाणारा थबकतो. गाड्या दोन गल्ल्या सोडून लावलेल्या असतात. खिडकीच्या फटीला टॉवेल. ‘उपासना संगीता’तली गाणी आपण मिरजेत घसा फोडून म्हणतो, ती तिथे ओठांतल्या ओठांत म्हणतात, टाळी नाही, पेटी नाही. प्रभूभोजनाला बकाल्यातला, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातला, द्राक्षरसाचा डबा. नवा माणूस आणायचा असेल तर आधी दोघांनी त्याची ओळख द्यावी लागते, आणि ज्याच्या घरी उपासना आहे त्याने होकार दिल्याशिवाय त्याला पत्ता कळत नाही. लहान पोरांनासुद्धा, शाळेत नाताळबद्दल काय बोलायचं नाही, हे पढवलेलं असतं. या सावधपणाला भित्रेपणा म्हणणाऱ्या माणसाने तिथे एक शुक्रवार काढलेला नसतो. दर आठवड्याला, वर्षानुवर्षं, सगळं पणाला लावून ती माणसं त्या खोलीत येतात. त्यांना धाडस शिकवायला बाहेरून कुणी जायची गरज नाही.

आता या खोलीत सहा-आठ अनोळखी तरुण येऊन बसले, अशी कल्पना करा. मनाने निर्मळ, प्रार्थनेत प्रामाणिक, त्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यांना परत जाऊन अहवाल द्यायचा असतो. ज्या मंडळींनी अर्पण गोळा करून त्यांना पाठवलं, त्यांना काहीतरी दाखवायचं असतं. म्हणून फोटो निघतात. चेहरे झाकू, नावं बदलू, असं सांगितलं जातं. पण खोलीतली भिंत, पडद्याचा रंग, मागे टांगलेला इस्पितळाचा कोट कोण झाकणार? ग्रुपवर गेलेला फोटो कुठे थांबतो हे कुणाच्या हातात असतं? साक्षीच्या संध्याकाळी पडद्यावर तो फोटो झळकतो, लोक हेलावतात, पुढच्या यात्रेला नावं नोंदवली जातात. ज्या बाईच्या घरात तो काढला ती मात्र पुढचे कित्येक महिने दारावरच्या प्रत्येक घंटीला दचकते.

समजा काही बिनसलं, तर भुर्दंड कुणाला? पर्यटकाला बहुधा परत पाठवतील. चौकशीची एखादी वाईट रात्र, काही वर्षं प्रवेशबंदी, आणि न्यू जर्सीला किंवा पुण्याला परत आल्यावर छळ सोसल्याची साक्ष. अमेरिकन पासपोर्ट असेल तर त्यांचा दूतावास धावून येईल. इकामावर, म्हणजे निवास परवान्यावर, राहणाऱ्याचं तसं नसतं. त्याची नोकरी, घर, बँकखातं, मुलांची शाळा, सगळं त्या एका ओळखपत्राला बांधलेलं. २०२१ च्या मार्चपासून नोकरी बदलायचे आणि देशाबाहेर जायचे नियम खासगी कंपन्यांतल्या कामगारांपुरते सैल झाले, पण घरकामगार आणि घरचे ड्रायव्हर त्यातून वगळले गेले. त्यांच्यासाठी कफीलचा, म्हणजे मालक-प्रायोजकाचा, शब्द मोठा. त्याने ‘हुरूब’ लावला, म्हणजे माणूस पळून गेल्याची नोंद केली, की तो माणूस बेकायदा ठरू शकतो. मग तरहील, म्हणजे हद्दपारीआधीची कोठडी. वर्षानुवर्षांची ग्रॅच्युइटी बुडते, गावी घराचं कर्ज तसंच राहतं. २००४ साली रियाधमध्ये कर्नाटकातल्या एका ख्रिस्ती कामगाराला पकडलं होतं. धर्मप्रसाराचा आरोप त्याच्यावर होता आणि दारूचाही. काही महिने तुरुंगात काढल्यावर त्याला भारतात पाठवून दिलं. तो तिथे वर्षानुवर्षं राबणारा माणूस होता. अशा माणसाच्या घरी पाहुणे उतरले असते आणि पकडले गेले असते, तर ते आठवड्याभरात घरी पोचले असते.

आणि जो सौदी माणूस कुतूहलाने ऐकायला थांबेल त्याचं काय? इस्लाम सोडणं हा तिथे देहदंडाचा गुन्हा मानला जातो. तुम्ही त्याच्या हातात पुस्तिका ठेवून विमानतळाकडे निघता, आणि तो ती घेऊन बायको, भाऊ, वडील असलेल्या घरात शिरतो. त्याच्या प्रश्नांना उत्तर द्यायला तिथे कोण राहणार आहे? त्याला मार पडला तर पाणी द्यायला कोण?

या यात्रांचे समर्थक पौलाचं नाव घेतात. तो गावोगाव फिरला, हाकलला गेला, पुन्हा उठला. खरं आहे. पण प्रेषितांच्या कृत्यांचा सतरावा अध्याय पुन्हा उघडून पाहा. थेस्सलनीकेत जमाव पौलाला शोधत आला. पौल सापडला नाही. सापडला यासोन, ज्याच्या घरी तो उतरला होता. जमावाने त्याला ओढत शहराच्या अधिकाऱ्यांपुढे नेलं, अधिकाऱ्यांनी त्याच्याकडून जामीन घेतला, आणि पौलाला बांधवांनी रातोरात पुढच्या गावी पाठवलं. आपण पौलावर शेकडो प्रवचनं ऐकली. यासोनावर एकही ऐकल्याचं मला आठवत नाही. पौलालाही ती गोष्ट बोचली असावी, कारण थेस्सलनीकाकरांना त्याने लिहिलेल्या पत्रांत मागे राहिलेल्यांच्या छळाची काळजी ठिकठिकाणी आहे. शिवाय पौल आठ-दहा दिवसांचा प्रवासी नव्हता. करिंथात तो दीड वर्ष राहिला, इफिसात दोन वर्षांहून जास्त, तंबू शिवून स्वतःच्या हातांनी पोट भरत. आणि मार पडला तेव्हा त्याच्या स्वतःच्या पाठीवर पडला.

यासोनाचं नशीब आजही बदललेलं नाही. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये जॉन चाऊ हा अमेरिकन तरुण अंदमानातल्या उत्तर सेंटिनेल बेटावर शुभवर्तमान सांगायला गेला आणि मारला गेला. त्याच्या मरणाबद्दल मला दुःख आहे. जगभर त्याच्याबद्दल लिहिलं गेलं, कुणी त्याला हुतात्मा म्हटलं, कुणी मूर्ख. पण त्याला होडीतून बेटाजवळ पोचवणारे मच्छीमार आणि त्यांची गाठ घालून देणारा ओळखीचा माणूस, अशा सात जणांना अटक झाली, त्यांच्या घरी चुली कशा पेटल्या, हे विचारणारं मला कुणी भेटलं नाही.

आपल्या नगर जिल्ह्यातलीच गोष्ट घ्या. २०२० च्या टाळेबंदीत तबलिगी जमातच्या परदेशी पाहुण्यांवर इथे गुन्हे दाखल झाले. पाहुणे पर्यटन व्हिसावर आले होते. त्यांच्याबरोबर त्यांना आसरा देणाऱ्या मशिदींच्या विश्वस्तांनाही आरोपी केलं गेलं. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते गुन्हे रद्द केले, आणि योग्यच केलं. पण न्यायालय असलेल्या, अपील असलेल्या, वर्तमानपत्रं असलेल्या देशातसुद्धा यजमानांना तोवर आरोपी म्हणून दिवस काढावे लागले. रियाधच्या फ्लॅटमधल्या यजमानासाठी कुठलं खंडपीठ बसणार आहे?

आता माझ्या विरोधातला सगळ्यात भारी मुद्दा. तो मला अनेकांनी ऐकवला आहे, आणि तो फेटाळण्याआधी त्याला पूर्ण वजन दिलं पाहिजे. मुद्दा असा: अमेरिकन मिशनरींनी कायद्याचा असाच विचार केला असता तर मराठी मुलखात मंडळीच उभी राहिली नसती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबई बंदरात उतरले तेव्हा कंपनी सरकारला ते नको होते. इंग्लंड-अमेरिकेचं युद्ध चालू होतं. गव्हर्नर नेपियन यांनी त्यांना परत जायला सांगितलं. ते गुपचूप जहाजाने कोचीनला निघून गेले, तिथून त्यांना मुंबईत परत आणलं गेलं. म्हणजे आपल्या मंडळीचा पायाच हुकूम मोडून घातला गेला. मग रियाधचा हुकूम मोडला तर तू का अडतेस?

हुकूम मोडण्याला मी अडत नाही. हॉल आणि नॉट यांनी जे केलं त्यात पणाला लागले ते स्वतःच. तेव्हा मुंबईत त्यांच्या पंथाची मराठी मंडळीच नव्हती. त्यांना लपवून कुणा मराठी माणसाचं घर उद्ध्वस्त होणार नव्हतं. पकडले गेल्यावर त्यांनी सुट्टीवर आल्याचं सोंग केलं नाही. आपण कोण, कशासाठी आलो, हे स्वतःच्या सहीने गव्हर्नरला लिहून कळवलं आणि विनवणी केली. त्याच वर्षी कंपनीची सनद बदलली, मिशनरींना वाट मिळाली आणि ते राहिले. नॉट आजारपणाने काही वर्षांतच परतले. हॉल मात्र मराठी शिकले, मराठीत लिहू-छापू लागले, शाळा काढल्या, आणि १८२६ साली पटकीच्या दिवसांत फिरताना नाशिकच्या बाजूच्या एका खेड्यात पटकीनेच गेले. तेरा वर्षं राहिले आणि इथल्याच मातीत गेले. त्यांचं नाव घेऊन आठ-दहा दिवसांच्या परतीच्या तिकिटाचं समर्थन करणं मला असह्य होतं.

सिंथिया फरार १८२७ साली मुंबईत आल्या, अविवाहित. पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचे धडे तिथेही घेतले. १८६२ साली त्या नगरलाच वारल्या. विल्यम वॉनलेस १८८९ साली आले. मिरजेचं इस्पितळ १८९४ चं. त्या इस्पितळाने डॉक्टर घडवले, नर्सेस घडवल्या, कुष्ठरुग्णांना छप्पर दिलं. वॉनलेस इथे जवळजवळ चाळीस वर्षं राहिले. या सगळ्यांच्या कामात दोष नव्हते असं मी म्हणत नाही. साहेबी अहंकार होता, आपल्या गाण्याला, आपल्या चालीरीतींना कमी लेखणं होतं, आणि त्याच्याशी आपल्याच लोकांना झगडावं लागलं. पण ते राहिले. त्यांच्या मुलांच्या कबरी इथे आहेत. चूक झाली तर तिचं तोंड पाहायला ते इथेच होते. सेवेचा हा वारसा सांगायचा असेल तर त्याची ही बाजू आधी सांगावी लागते.

आणि रियाधलाच मिशनरी कसे पोचले होते? हा इतिहास या यात्रांच्या प्रचारात कधीच नसतो. अरेबियन मिशन १८८९ साली अमेरिकेत स्थापन झालं. बसरा, बहरीन, मस्कत, कुवेत इथे त्यांची ठाणी झाली. रियाधला त्यांनी घुसखोरी केली नाही. १९१७ साली नजदचे, म्हणजे रियाधच्या मुलखाचे, अमीर अब्दुलअझीझ इब्न सौद यांनी बहरीनहून डॉक्टर पॉल हॅरिसन यांना बोलावून घेतलं. पुढे एन्फ्लुएंझाची भयंकर साथ आली, त्यात अमिरांचा तुर्की नावाचा थोरला मुलगा दगावला. त्या साथीत हॅरिसन यांना पुन्हा बोलावणं आलं. मग विसाच्या दशकात आणि तिसाच्या सुरुवातीला डॉक्टर लुई डेम वारंवार नजदमध्ये जात राहिले. हे लोक मिशनरी आहेत हे राजापासून उंटवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. हॅरिसन यांनी अरबी भाषा आणि अरबांचं घरगुती आयुष्य इतकं जाणून घेतलं की १९२४ साली त्यावर पुस्तक लिहिलं. कॉर्नेलिया डालेनबर्ग ही नर्स १९२१ साली अरबस्तानात आली आणि आयुष्याचा मोठा भाग तिथल्या बायकांच्या बाळंतपणात आणि आजारपणात घालवला. बायका तिला शरीफा म्हणत. माझ्या पेशातली ही बाई मला रियाधच्या रात्रपाळ्यांत फार आधाराची वाटायची.

त्यांनी किती लोक ख्रिस्ती केले? जवळजवळ कुणीच नाही. हे ऐकून आपल्यातल्या काहींचा चेहरा पडतो. पण १९१३ ते १९५५ या काळातल्या या डॉक्टरांच्या कामावर पॉल आर्मर्डिंग यांनी अख्खा ग्रंथ लिहिला आहे. ज्या मुलखात ख्रिस्ती माणूस शिरू शकत नव्हता, तिथे हे डॉक्टर राजाच्या पाहुण्यासारखे जात होते, कारण ते बोलावल्यावर गेले, खोटं बोलले नाहीत आणि रोग्याच्या उशाशी बसले.

खोटं बोलण्याबद्दल स्पष्टच लिहिते. पर्यटनाच्या व्हिसावर जाऊन धर्मप्रसार करणं ही लबाडी आहे. तिला कितीही सुंदर नाव दिलं तरी. इंग्रजीचा वर्ग हा बहाणा असेल तर वर्गात बसलेल्या माणसाला आपण फसवतो. फुकटचा खाऊ हा निमित्तापुरता असेल तर उपाशी माणसाच्या भुकेचा वापर करतो. आपल्या देशातही मिशनरी कामासाठी पर्यटन व्हिसा चालत नाही. २०२१ च्या मार्चमध्ये निघालेल्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डवाल्यांनाही मिशनरी किंवा तबलिगी कामासाठी खास परवानगी लागते. ओसीआयवाल्या आपल्या मुलांना हे नियम चांगले ठाऊक आहेत, आणि इथे येताना ती ते पाळतात. मनुष्यापेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे, हे पेत्राचं बोलणं सांगून मला गप्प करू पाहणाऱ्यांना एवढंच विचारते: पेत्र हे न्यायसभेपुढे उभा राहून बोलला की विमानतळावर पर्यटक म्हणून रांगेत उभा राहून? तो बोलल्यावर फटके कुणाला पडले?

सौदी सरकारची बंदी बरोबर आहे, असा माझ्या लेखाचा अर्थ कुणी काढू नये. ती अन्यायी आहे. माणसाला आपल्या देवापुढे दार उघडं ठेवून गुडघे टेकता आले पाहिजेत, आणि धर्म बदलायचा किंवा सोडायचा असेल तर जीव मुठीत धरावा लागू नये. हे मी रियाधबद्दल म्हणते, मिरजेबद्दलही म्हणते, आणि आपल्याकडे ज्यांना दुसऱ्याच्या उपासनेचा त्रास होतो त्यांना सौदीचं उदाहरण देऊन टाळ्या वाजवू नका असंही म्हणते. या बंदीविरुद्ध बोलायला हवं. पण ते उघड बोलावं लागतं. आणि उघड बोललेलं फुकट जात नाही: २०१६ मध्ये मुतव्वांचे, म्हणजे धर्मपोलिसांचे, अटक करण्याचे अधिकार काढले गेले. २०१८ च्या एप्रिलमध्ये व्हॅटिकनचे कार्डिनल तोराँ रियाधला जाऊन राजे सलमान यांना भेटले. त्याच वर्षाच्या अखेरीस इजिप्तच्या कॉप्टिक मंडळीच्या एका ज्येष्ठ धर्मगुरूंनी रियाधमध्ये आपल्या लोकांसाठी उपासना घेतली, आणि ती बातमी लपवली गेली नाही. बहरीनमध्ये राजाने दिलेल्या जमिनीवर अवालीचं कॅथेड्रल २०२१ च्या डिसेंबरमध्ये उभं राहिलं. सौदीतले कितीतरी लोक सुट्टीला किंग फहद पूल ओलांडून मिस्साला बहरीनला जातात. रियाधहून साडेचारशे किलोमीटर, तरी जातात. हा हळूहळू मोकळा होत असलेला श्वास एखाद्या उत्साही गटाच्या व्हिडिओने पुन्हा कोंडला, तर त्याची भरपाई कोण करणार?

सेवा करायची आहे ना? रियाधमध्ये सेवा मुबलक आहे, फक्त तिला साक्षीच्या संध्याकाळी दाखवण्याजोगं रूप नाही. २०१३ साली निताकतच्या, म्हणजे नोकऱ्यांत सौदींना कोटा देण्याच्या मोहिमेच्या, वेळी कागदपत्रं सुरळीत करायला किंवा घरी परतायला मुदत मिळाली. लाखाहून अधिक भारतीय परतले. दूतावासाच्या आवारात उन्हात रांगा लागल्या होत्या, आणि अर्ज भरून द्यायला, अरबी वाचून सांगायला रियाधचेच भारतीय स्वयंसेवक बसले होते, नोकरीवरून सुटून. २०१६ साली मोठ्या कंपन्यांनी पगार थकवल्यावर कॅम्पांत हजारो भारतीय उपाशी होते. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी सौदीतल्या भारतीयांना मदतीचं आवाहन केलं आणि लोकांनी धान्य पोचवलं.

एका माणसाचं प्रेत घरी पाठवायचं म्हणजे काय, हे मी इस्पितळाच्या बाजूने पाहिलं आहे. मृत्यूचा दाखला अरबीत, त्याचं भाषांतर. पोलिसांचा कागद. कफीलची सही, जो फोन उचलत नाही. गावाकडून बायकोचं संमतीपत्र आणि मुखत्यारपत्र, ज्यात रियाधमधल्या कुणातरी माणसाचं नाव घालावं लागतं, नाहीतर कागद पुढे सरकत नाही. दूतावासाचं ना-हरकत. मग शवलेपन, पेटी, कार्गोचं बुकिंग. तोवर माणूस शुमैसीच्या शवागारात पडून असतो, कधी आठवडे, कधी महिने. मुखत्यारपत्रावर स्वतःचं नाव घालू देणारा माणूस मिळणं हे या सगळ्यातलं सगळ्यात अवघड. आणि हे काम रियाधमध्ये सगळ्यात जास्त कोण करतं? केएमसीसी या केरळी संघटनेचे मलयाळी मुसलमान. मेलेला हिंदू आहे, ख्रिस्ती आहे की बिहारचा मुसलमान, हे ते विचारत नाहीत. रात्रपाळी संपवून शवागाराच्या दाराशी फाइल घेऊन उभे असतात. कोझिकोडच्या एका ड्रायव्हरला देहदंडापासून वाचवायला २०२४ साली केरळच्या लोकांनी चौतीस कोटी रुपये जमवले, त्यामागेही रियाधमध्ये वर्षानुवर्षं वकील आणि कोर्ट सांभाळणारी अशीच माणसं होती.

आपण मराठी ख्रिस्ती त्या शवागाराच्या दाराशी किती दिसतो? फार कमी. आपल्या मंडळ्यांत सेवायात्रेसाठी अर्पण निघतं. पण मुखत्यारपत्र घेणाऱ्याला टॅक्सीचे पैसे द्यायला निघत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्याला रियाधला जायचं आहे त्याने नोकरी घेऊन जावं, किमान दोन वर्षांचा करार, इकामा, अरबी भाषा, आणि तिथल्या लोकांसारखीच जोखीम स्वतःच्या अंगावर. नर्स, फिजिओथेरपिस्ट, इलेक्ट्रिशियन, शिक्षक, कुणीही. तिथे दूतावासाच्या स्वयंसेवकांत नाव द्यावं. कुणी विचारलं की तू असा का वागतोस, तर घाबरत घाबरत का होईना, खरं उत्तर द्यावं. ज्याला जाता येत नाही त्याने इथे काम करावं: मिरज, सांगली, नगरच्या मंडळ्यांत परदेशी निघालेल्या मुलामुलींचे करार वाचून द्यावेत, ईमायग्रेटवरची नोंद तपासून पाहावी, एजंटाला दिलेल्या पैशाची पावती मागायला लावावी, तक्रारीसाठी ‘मदद’ पोर्टल कसं वापरायचं ते शिकवावं, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आईबापांना दवाखान्यात न्यावं.

आणि पुढच्या वार्षिक अधिवेशनात रियाधच्या सेवायात्रेचा विषय निघाला, तर ठराव मांडण्याआधी आखातातून परतलेल्या बहिणींना व्यासपीठावर बोलवा. पाळकांनी, तरुण संघाच्या चिटणीसांनी, अमेरिकेहून आलेल्या पाहुण्यांनी नंतर बोलावं. ज्यांच्या दाराची घंटी वाजणार आहे त्यांनी आधी बोलावं, आणि त्यांनी नको म्हटलं तर तो ठराव तिथेच संपावा.